रतननं सोडलेला गूळ

गिरणीचा सकाळचा भोंगा होऊन गेला होता आणि मी पाणी गाळत होते, तेवढ्यात गंगव्वा दारात येऊन उभी राहिली. गंगव्वा म्हणजे आमच्या मंदिराचं अंगण झाडणारी. एरवी तोंडानं फटकळ, पण त्या दिवशी तिला शब्द सुचेना. "बाई, चला की लवकर," ती म्हणाली, "रतनबाई काय बोलंनात. ती पोरगी नुसती हाका मारतीया." मी हातातलं गाळणं तसंच टाकलं आणि निघाले. शुक्रवार पेठेतल्या माझ्या भावाच्या घरापासून मंदिराची गल्ली काही लांब नाही. चालताना मला रतननंच शिकवलेला धडा आठवत होता. आम्हा जैनांच्या शास्त्रात म्हटलंय, की जीव देह सोडतो तो पापणी लवायच्या आत पुढच्या जन्माला पोचतो. वाटेत रेंगाळत नाही, मागं वळून बघत नाही. म्हणजे गंगव्वा माझ्या दारात येण्याआधीच रतन कुठंतरी, कुणाच्या तरी पोटी जाऊन पडली होती. मग मी धावतपळत चालले होते ती कुणाकडे... हे मनात आलं आणि माझा पाय अडखळला. एका घराच्या ओट्याला धरून मी थोडा वेळ उभी राहिले.

या पुरवणीच्या संपादकांनी माझ्याकडे 'एक आदर्श धर्मशिक्षिका' असा लेख मागितला. मागणी चांगल्या मनानं केलेली आहे. रतनच्या हाताखाली सोलापुरातल्या किती बायका शिकल्या, किती परीक्षा पास झाल्या, हे सगळं त्यात यायला हवं होतं. पण मला ते लिहिता येईना. शोक केला की करणाऱ्यालाच कर्माचा बंध पडतो, असं आम्हाला शिकवलंय. रतन तर मुलींना हे डोळ्यांत डोळे घालून सांगायची. आज कित्येक आठवडे झाले, मी बंधावर बंध पाडून घेतेय आणि मला त्याचं काही वाटत नाही. तर जे घडलं ते लिहिते. हे लिहायला ज्या एका माणसाची परवानगी हवी होती, तिची मी घेतली आहे. रतनच्या बार्शीच्या सासरच्या मंडळींची घेतलेली नाही, घेणारही नाही.

मंदिराच्या माडीवर बायकांसाठी धर्मवर्ग निघाला, त्याच साली आम्ही दोघी तिथं आलो. बायकांसाठी म्हणजे विधवांसाठी. सवाष्णींना धर्म शिकायला सवड कुठली. मला पाठवलं ते वहिनीला मी दिवसभर चुलीपाशी डोळ्यांसमोर नको होते म्हणून. रतन आली बार्शीहून. मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवरा गेला, तेव्हा तिचं वय ते काय, आणि पदरात इंदू. जेमतेम उभं राहायला शिकलेली. सासरी धान्याची आडत होती, घर भरलेलं होतं, पण थोरल्या दिरांना मूल नव्हतं. थोरल्या जावेनं इंदूला मांडीवर घेतलं ते घेतलंच. रीतसर दत्तक वगैरे काही नाही. घरातल्या घरात ठरलं, की मुलीनं थोरलीला आई म्हणायचं आणि रतनला काकू. पोरीच्या डोक्यावर बापाचं छत्र राहील, पुढं लग्नाला अडचण येणार नाही, तू सोलापूरला जा, धर्म शीक, मन रमेल. पहिल्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली होती. दूध आटलेलं नव्हतं अजून तिचं. चोळीवर पदर दोनदा घेऊन बसली होती आणि समोर पंडितजी वैराग्यावर बोलत होते.

पंडितजी बुंदेलखंडाकडचे. सरळ मनाचा म्हातारा, मराठी अर्धीअधिक हिंदीत बुडालेली. बायकांकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून शिकवायचे. श्रद्धेची आठ अंगं असतात, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. मला त्यातली तीनच नीट समजली, पण तेवढी जन्माला पुरली. दुसऱ्याचा दोष चारचौघांत उघडा करायचा नाही, झाकायचा. जो डळमळतोय त्याला सावरायचं. आणि तिसरं वात्सल्य: आपल्याच धर्माच्या वाटेनं चालणारा तो आपला साधर्मी, त्याच्यावर गाय वासरावर करते तशी माया करायची. इथं रतननं मान वर केली. वर्गात बाईमाणसानं प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. "पंडितजी," ती म्हणाली, "गाईची माया तुम्ही नमुना म्हणून सांगता. मग बाईची लेकरावरची माया बंधन कशी?" पंडितजी खिडकीकडेच बघत म्हणाले, "गाय कुछ मांगती नाही, बाईजी. माणूस 'माझं' म्हणतो. जहाँ मेरा आया, वहाँ राग आया." आमच्या शास्त्रात राग म्हणजे संताप नव्हे, जीव अडकणं. रतन म्हणाली, "मग मी माझ्या मुलीला माझी म्हटलंच नाही, नुसती साधर्मी म्हणून माया केली, तर चालेल?" म्हाताऱ्यानं पोथी मिटली. मग म्हणाला, "चलेगा." त्या एका शब्दावर रतननं पुढचं सगळं आयुष्य काढलं.

वर्गाचं पाणी भरायची पाळी आम्हा दोघींची असे. गावात नळ आले तरी आम्ही विहिरीचंच पाणी वापरायचो, तेही जाड दुहेरी कापडातून गाळून. गाळून झालं की कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव फेकून द्यायचे नसतात. गाळलेल्याच पाण्यानं ते कापड एका तांब्यात धुवायचं, आणि तो तांब्या दोरीनं पार पाण्यापर्यंत सोडून विहिरीत उपडा करायचा. याला जिवाणी म्हणतात. वरून ओतायचं नाही, जिवांना मार लागतो. आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत जिवाणी गेली पाहिजे. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत. मी घाईची, मला हे सगळं जिवावर यायचं. रतन मात्र दोरी अशी हळू सोडायची, की बघणाऱ्याचा धीर सुटावा. एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, आटप की, डोळ्यांना दिसत नाहीत ते किडे." ती दोरी सोडता सोडताच म्हणाली, "न दिसणाऱ्या किड्यांना ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचं, मथे. आणि माझी पोर कुठल्या पाण्यात टाकलीय बघ." मग तांब्या वर ओढून घेतला आणि आम्ही वर्गात गेलो.

वर्ग पुरा झाला की प्रत्येकीनं मूर्तीसमोर काहीतरी सोडायचं, अशी रीत होती. मी वांगं सोडलं. मला ते तसंही आवडत नाही आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. रतननं गोड सोडलं. गूळ, साखर आणि त्यांचं केलेलं सगळं. ही बाई अशी गोडखाऊ, की पुरण वाटताना पाट्यापाशी मुद्दाम बसायची. पंडितजींनी विचारलं, "यम की नियम?" जन्मभराचा त्याग तो यम, मुदतीचा तो नियम. ती म्हणाली, "नियम." "मुदत?" "ती माझ्या मनाशी आहे." पंडितजींच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी मंत्र म्हणून अक्षता दिल्या. खाली उतरताना जिन्यातच मी तिचा हात धरला. "काय मुदत घातलीस?" "इंदू माझ्याकडं परत येईल आणि आपल्या हातानं माझ्या तोंडात गुळाचा खडा घालील, तोवर." मी तिथंच उभी राहिले. तपाच्या बदल्यात काही मागणं याला आमच्याकडे निदान म्हणतात. पायात रुतून बसलेला काटा म्हणतात त्याला. सगळं तप त्यानं नासतं. परीक्षेत हाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर रतननं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहिलं होतं. "रतन, हे निदान झालं गं." "ठाऊक हाय की," ती म्हणाली, "रुतू दे काटा."

पुढं ती त्याच वर्गाची बाई झाली. पंडितजी थकून गावी गेले आणि रतन त्यांच्या जागी बसू लागली. फक्त खिडकीकडे नाही, मुलींकडे बघून शिकवायची. शेजारी एक पितळी डबा असे, गुळाचा. ज्या मुलीनं पाठ बिनचूक म्हटला तिला एक खडा. पुष्कळदा चुकलेल्यांनाही. स्वतः मात्र बोट चाटायची नाही, पाण्यात बुडवून धुवायची. वर्षातून एकदा ती बार्शीला जाई. भाद्रपदातलं आमचं पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी लहानानं मोठ्याची आणि मोठ्यानंही लहानाची हात जोडून क्षमा मागायची असते, तिथं मानपान नसतो. कुर्डुवाडीला गाडी बदलून रतन छोट्या गाडीनं बार्शीला पोचायची, ते त्या क्षमेसाठी. परकरातली इंदू समोर यायची आणि पाठ केल्यासारखं म्हणायची, "काकू, माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा." रतन वाकून हात जोडायची आणि म्हणायची, "माझंही चुकलं असेल. क्षमा करा." वर्षाचं बोलणं ते एवढंच. परत आली की मला सांगायची, यंदा दात पडलेत, यंदा केस लांब झालेत, यंदा माझ्यापेक्षा उंच झालीय... आणि शेवटी न चुकता म्हणायची, "माझी म्हटलं नाही हो मी. मनातसुद्धा नाही." मी हसायची. आता ते हसणं मला आठवतं आणि जीव नकोसा होतो.

इंदूचं लग्न करमाळ्याला झालं. लग्नात काकू मागच्या खोलीत भाज्या निवडत बसली, विधवेनं मांडवात यायचं नसतं. पंगतीतलं ताट तिच्यापुढं आलं, त्यातला लाडू तिनं शेजारणीला दिला. मग दोन पावसाळे गेले असतील नसतील, पोटातल्या दुखण्याचं निमित्त होऊन जावई गेला. आणि एके दिवशी दुपारी मंदिराच्या दारात टांगा थांबला. थोरले दीर उतरले, मागून पांढऱ्या लुगड्यात इंदू. दीर म्हणाले, "हिचं हे रूप आता आमच्यानं बघवत नाही. तुझ्यापाशी राहू दे, धर्म शिकू दे, मन रमेल." तेच शब्द. सवाष्ण मुलगी त्यांची होती. कुंकू पुसल्यावर ती रतनची झाली. बरं, तेही उघडपणे नाही. पोरीला काही कळता कामा नये, अशी ताकीद देऊन ते टांग्यानंच स्टेशनवर परत गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

मला वाटलं, निदान आता तरी रतन तिला पोटाशी घेईल. मी आडोशाला उभी राहून वाट बघत होते. तिनं पोरीला आत नेलं, पाट मांडला, जेवायला वाढलं, सगळं परक्या पाहुणीसारखं. मग विहिरीवर येऊन माझ्यासमोर खाली बसली. "मागितलं होतं मी," म्हणाली, "पोर परत येऊ दे म्हणून मागितलं होतं. आली. बघ कशी आली." मला आधी समजलंच नाही. आपण वर्षानुवर्षं गोड सोडून जे मागत होतो त्याच्यापायी पोरीचा नवरा गेला, असं तिनं धरलं होतं. मी तिला हलवलं, ओरडले. "तूच शिकवतेस ना, जो तो आपल्याच कर्माचं भोगतो म्हणून? कुणी कुणाचं आयुष्य देत नाही, नेत नाही. मग तुझ्या गुळानं करमाळ्यातला माणूस कसा मरेल?" "शिकवते गं," म्हणाली, "उद्यापण शिकवीन. तेवढं एक पटत नाही बघ." मी खूप बोलले. धमक्या दिल्या, हातापाया पडले, सांग तिला तू तिची आई आहेस. ती म्हणाली, "आई म्हणून सांगायचं तर पुढचंही सांगाय लागतं, मथे. तुझ्या नवऱ्याला मी खाल्लं, हेही सांगू?" डळमळणाऱ्याला सावरावं हे मीही शिकले होते, पण कसं सावरायचं ते पंडितजींनी कधी सांगितलं नव्हतं.

इंदू तीन वर्षं तिच्या वर्गात बसली. बाकीच्या मुलींसारखी तिला बाईच म्हणू लागली. पोर हुशार, थेट रतनच्या वळणावर गेलेली. पहिल्याच उपासाच्या पारण्याला तिनं डब्यातला गुळाचा खडा उचलला आणि हसत रतनच्या तोंडाशी नेला, "बाई, आज तुम्ही घ्या. रोज आम्हालाच देता." नियमाची मुदत अशी हात पुढं करून उभी होती. रतनचे ओठ घट्ट मिटले. "माझा यम आहे," ती म्हणाली. नियमाचा यम तिनं त्या क्षणी केला, हे तिथं फक्त मला कळलं. ज्या इच्छेनं हे सगळं झालं असं तिला वाटत होतं, तिची गोडी तिला चाखायची नव्हती. इंदूनं खडा डब्यात परत ठेवला आणि पाठ म्हणायला बसली.

मग हा शेवटचा ताप. उतरेच ना. पोटात काही ठरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं देत राहा. रतननं मान फिरवली. इंदू काकुळतीला आली, "बाई, औषध म्हणून घ्या. औषधाला मोकळीक असते, तुम्हीच शिकवलंत." मी तर वाट्टेल ते बोलले त्या आजारी बाईला. शेवटी इंदूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमचा ओठांशी धरला. रतननं डोळे उघडले. लेकीची मांडी, लेकीचा हात... तोंड उघडतंय असं मला वाटलं. उघडलंही. पण ती म्हणाली, "इंदुताई, माझं चुकलं असेल तर क्षमा करा." भाद्रपद नव्हता, पर्व नव्हतं. इंदू गोंधळली, पण सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "उत्तम क्षमा, बाई." चमच्यातलं पाणी तिच्या पदरावर सांडलं. संध्याकाळी मी घरी गेले आणि सकाळी गंगव्वा आली. साखरेच्या पाण्यानं ती वाचली असती असं डॉक्टर म्हणाले नाहीत. वाचली नसती असंही म्हणाले नाहीत.

आता वर्ग इंदू घेते. गेल्या आठवड्यात सकाळी मी गेले तेव्हा तिचा पाठ संपत आला होता. डबा उघडून तिनं मुलींना खडे वाटले आणि बोटं पाण्यात बुडवून धुतली. मुली गेल्यावर मी म्हटलं, "तूही घे की एक." ती म्हणाली, "मी सोडलंय, मावशी. बाई गेल्या त्या दिवसापासून. त्यांचा त्याग मी पुढं चालवणार." "तो कशासाठी होता, ठाऊक आहे का तुला?" ती जरा हसली. "कशासाठी असेल तर तो त्याग कसला?" अगदी बरोबर उत्तर. रतननं पूर्ण गुण दिले असते. मला ते सहन झालं नाही. दोष झाकावा, हे अंग मी इतकी वर्षं पाळलं होतं. पण झाकलेलं आता या पोरीच्या अंगात उतरायला लागलं होतं. मी तिला विहिरीपाशी नेलं. ती पाणी ओढून गाळू लागली आणि मी सांगत गेले. बार्शी, थोरली जाऊ, पंडितजींचं 'चलेगा', गुळाची मुदत, करमाळ्याची बातमी, साखरेचा चमचा. काही ठेवलं नाही.

इंदू रडली नाही. गाळणं तांब्यात धुतलं, दोरी हळूहळू सोडली, तांब्या पाण्याला टेकल्यावर उपडा केला. मग विहिरीत बघतच म्हणाली, "वर्गात सगळ्यांना अगं-तुगं करायच्या. मला एकटीला अहो-जाहो. मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही." मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला. "आणि मी तीन वर्षं त्यांच्यासमोर बसून मोह कसा वाईट ते म्हणून दाखवत होते. त्या मला गूळ देत होत्या." ती उठली, आत गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन बाहेर आली. गुळाचा खडा होता. तो घेऊन ती अंगणात उभी राहिली. इकडं बघे, तिकडं बघे. आमच्यात पिंड नाही, कावळा नाही, पान वाढणं नाही. गेलेल्याला मागं राहिलेल्यांचं काहीही पोचत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. ते शिकवणारीच गेली होती. बराच वेळ ती तशी उभी होती. मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, "तोंड उघडा, मावशी."

मी उघडलं. तिनं आपल्या हातानं खडा माझ्या जिभेवर ठेवला आणि मी तो गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली.